रुळांचा भागाकार

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, रेल्वे विजेवर चालते, धूर सोडत नाही, म्हणजे ती हरितच. विरोध करणारे विकासाचे वैरी. दुसरी बाजू म्हणते, एवढं सिमेंट, एवढं लोखंड, तिवरांची कत्तल, आणि वर हिला हरित म्हणायचं? मग हीच दोन वाक्यं कोकण रेल्वेच्या दुहेरीकरणाला, मेट्रोच्या प्रत्येक मार्गिकेला आणि गोव्यातल्या मोलेच्या जंगलातल्या दुसऱ्या रुळालाही जशीच्या तशी चिकटवली जातात. मार्ग बदलतो, जमीन बदलते, वाहायचा माल बदलतो, वाक्यं मात्र तीच. ज्या वादात दोन्ही पक्षांना समोरच्या रुळाकडे बघायचीही गरज वाटत नाही, त्या वादातून हाती काय लागणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘रेल्वे हरित आहे का’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच अर्धा आहे. रूळ टाकण्याची पर्यावरणाला पडणारी किंमत बहुतेक सगळी सुरुवातीलाच चुकती होते. डोंगर फोडला जातो, पोलाद वितळवलं जातं, सिमेंटची भट्टी पेटते, आणि हे सगळं पहिली गाडी सुटायच्या आधी. पुढे प्रश्न उरतो भागाकाराचा. ही किंमत किती वर्षांनी भागायची, किती टनांनी, किती प्रवाशांनी, आणि तो माल किंवा तो प्रवासी नाहीतर कशाने गेला असता? आपण भाज्यावरून गळे काढतो आणि भाजक कोणी विचारत नाही. जीवनचक्र मूल्यांकन नावाचं जे शास्त्र आहे, खाणीतल्या दगडापासून भंगारापर्यंत एखाद्या वस्तूचा पूर्ण हिशेब मांडणारं, त्याचा अर्धा जीव या भाजकात असतो.

आधी भाज्य बघू. सपाट जमिनीवरचा एक किलोमीटर ब्रॉडगेज रूळ घ्या. मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला ६० किलो; दोन रूळ धरले की किलोमीटरला १२० टन पोलाद झालं. त्याखाली १६६० काँक्रीटचे स्लीपर, प्रत्येकी साधारण पावणेतीनशे किलोचा, म्हणजे साडेचारशे टन काँक्रीट. त्याखाली दोन हजार घनमीटरच्या आसपास खडी, वजनात तीन हजार टन. आता हाच माल धुराच्या तराजूत टाका. आपल्याकडे एक टन पोलाद बनवताना दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे रुळांचे पावणेतीनशे टन. स्लीपरच्या काँक्रीटमधलं सिमेंट आणि आतल्या ताणलेल्या तारा मिळून शंभर टनांच्या आसपास. आणि त्या तीन हजार टन खडीचे? फोडणं, चाळणं, वाहणं धरून वीस-तीस टन, खाण फार लांब असली तर थोडे जास्त. हा हिशेब कुठल्या अहवालातला नाही. पाटीवर खडूने मांडावा तसा मांडला आहे, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण त्यातली गंमत हलणार नाही. वजनाचा क्रम आणि धुराचा क्रम बरोब्बर उलटे आहेत. काँक्रीटचे स्लीपर बघून हळहळणारे लोक ज्या चकचकीत रुळाकडे कौतुकाने बघतात, खरा बोजा त्या रुळाचा आहे.

आता भागा. ६० किलोच्या, ९० यूटीएस (पोलादाच्या ताकदीचं माप) प्रतीच्या रुळाचं आयुष्य रेल्वेच्या नियमावलीत वर्षांत नाही, टनांत धरलेलं आहे: ८०० जीएमटी, म्हणजे वरून ८० कोटी टन वजन जाईपर्यंत. वर्षाला ४० जीएमटी वाहतूक असेल तर वीस वर्षं. पावणेतीनशे टन कार्बनला ८० कोटी टनांनी भागलं की एका टनाला, एका किलोमीटरला, अर्ध्या ग्रॅमहून कमी येतं. यात वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, स्वतःचं वजनही आलं. निव्वळ माल धरून हा आकडा दुप्पट केला तरी एक ग्रॅम ओलांडत नाही. ट्रकने तोच टन तेवढाच नेला तर नुसत्या डिझेलचेच साठ ते शंभर ग्रॅम होतात. गजबजलेल्या मार्गावर रूळ-स्लीपर-खडीचा मुद्दा इथेच निकालात निघतो. मग वाद कशाचा? वाद त्या रुळाखाली काय आहे याचा आणि रुळावरून किती जातं याचा.

रेल्वेविरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा याच शास्त्रातून आलेला आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मिखाइल चेस्टर आणि अर्पाद होर्वाथ या दोघांनी २००९ साली अमेरिकेतल्या प्रवासी वाहनांचा पूर्ण हिशेब मांडला. नुसतं वाहन चालवण्यात जेवढी ऊर्जा आणि हरितगृह वायू मोजले जातात, त्यावर वाहन बनवणं, मार्ग बांधणं, इंधन तयार करणं वगैरे धरलं तर रस्त्यावरच्या वाहनांच्या आकड्यात ६३ टक्क्यांची, विमानांच्या आकड्यात ३१ टक्क्यांची, आणि रेल्वेच्या आकड्यात तब्बल १५५ टक्क्यांची भर पडते. हा १५५ चा आकडा मग जगभर फिरला. रेल्वे आपलं खरं रूप लपवते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ही टक्केवारी कशाची? रेल्वेच्या चालवण्याच्या खर्चाची, जो मुळात लहान आहे. ज्याचं जेवण कमी त्याच्या ताटात लोणचं जास्त दिसणारच. विमानाची भर ३१ टक्केच का, तर त्याचं इंधनच एवढं की बाकी सगळं त्यापुढे चिमूटभर. तरीही विरोधकांच्या म्हणण्यातलं एक सत्य शिल्लक राहतं: वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतसा रेल्वेच्या एकूण बोज्यात बांधकामाचा वाटा वाढत जाणार. भारतीय रेल्वेचं ब्रॉडगेज जाळं जवळपास पूर्ण विजेवर आलं आहे आणि २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा आहे. त्या घोषणेतला हिशेब मुख्यतः गाड्या चालवण्याचा आहे. भिलाईच्या भट्टीतून निघालेल्या रुळाचा कार्बन पोलाद उद्योगाच्या खात्यावर, सिमेंटचा सिमेंट उद्योगाच्या खात्यावर. रेल्वे शून्यावर पोचेल आणि तिच्यासाठी पेटलेल्या भट्ट्या दुसऱ्याच्या वहीत जळत राहतील. घराचा खर्च कमी झाला म्हणून सांगायचं आणि किराणा उधारीवर आणायचा, असला हा प्रकार.

रुळाखालच्या बांधकामाकडे वळू. बुलेट ट्रेनचा मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, आणि त्यातला बहुतेक भाग उन्नत. जिथे पूर्ण लांबीची तुळई एकदम बसवतात तिथे ४० मीटरच्या एका तुळईचं वजन सुमारे ९७० टन आहे. किलोमीटरला अशा २५, म्हणजे २४ हजार टनांच्या वर, आणि यात खांब आणि पाया नाहीत. जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही मार्गांखाली साधे स्लीपर टाकले असते तर काँक्रीट लागलं असतं नऊशे टन. म्हणजे नुसत्या तुळयाच पंचवीसपटीहून जड. इथे ‘रेल्वे म्हणजे हरित’ हे वाक्य तोंडातून काढताना जरा थांबायला हवं. याचा अर्थ उन्नत मार्ग चूकच, असंही नाही. जमिनीवरून बांध घातला असता तर शेतं दुभंगली असती, पुराचं पाणी तुंबलं असतं, दर दोन किलोमीटरला भुयारी रस्ता द्यावा लागला असता. पण एवढ्या भाज्याला भाजकही तेवढाच मोठा लागतो. जपानच्या तोकाइदो शिंकान्सेनकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेल्या त्या मार्गावर साठ वर्षं दर काही मिनिटांनी भरलेल्या गाड्या धावल्या. तो मार्ग हरित ठरला असेल तर तो या गर्दीमुळे. शिवाय तो खडीवरचा रूळ आहे; काँक्रीटच्या पाट्यांवरचा रूळ जपानने पुढच्या मार्गांवर सर्रास वापरला. पाटीच्या रुळाला सुरुवातीला सिमेंट जास्त लागतं, नंतर ठोकाठोक कमी. कुठला बरा हे पुन्हा किती वर्षं आणि किती गाड्या यावरच ठरतं.

आपल्याकडे विचारायचा प्रश्न साधा आहे. बुलेट ट्रेनमध्ये बसणारा माणूस नाहीतर कशाने गेला असता? विमानाने किंवा एकट्याच्या मोटारीने गेला असता तर बचत मोठी. पण तो शताब्दी, तेजस किंवा वंदे भारतमधून उठून इकडे आला, तर विजेवरच्या एका गाडीतून विजेवरच्या दुसऱ्या, जास्त वेगाच्या आणि म्हणून जास्त वीज खाणाऱ्या गाडीत गेला. कार्बनच्या वहीत जमा काहीच नाही, खर्च मात्र तुळयांसकट उभा. जिथे निर्णय अडकायला हवा तो हा आकडा आहे, आणि चर्चेत मी तो क्वचितच ऐकतो. ऐकू येतात ती तिवरं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार तिवरं तोडायला परवानगी दिली. आधीचा अंदाज पन्नास हजारांच्या वर होता. तिवरांचं दुःख खरंच आहे. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण ते कार्बनच्या तराजूत मुळात मावत नाही.

भाजकातली दुसरी गोष्ट म्हणजे वर्षं. रेल्वेच्या बांधकामाचं आयुष्य किती धरायचं? साठ, शंभर, एकशेवीस? परदेशातले अभ्यास यावरूनच एकमेकांशी भांडतात, आणि आयुष्य दुप्पट धरलं की वार्षिक बोजा निम्मा होतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आपल्याकडे याचं उत्तर डोळ्यांसमोर उभं आहे. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. पंचवीस बोगदे, सदतीसास एक चढ (३७ मीटर अंतराला एक मीटर), आणि कॉलऱ्याने, अपघातांनी मेलेले हजारो मजूर, ज्यांना कुठल्याच मूल्यांकनात रकाना नाही. १९२९ मध्ये विद्युतीकरण झालं, गाडीची दिशा उलटवावी लागे ते उलटफेरीचं स्थानक गेलं, पुढे तिसरा रूळ आला. पण डोंगराच्या अंगावर कोरलेली ती वाट दीडशे वर्षांहून जास्त काळ पुण्याला मुंबईशी जोडते आहे. घाट खुला झाल्यापासून कोणी भाजकात साठ वर्षं धरली असती तर तो हिशेब १९२३ मध्येच संपला असता. म्हणून नव्या मार्गालाही बिनदिक्कत दीडशे वर्षं धरायची का? तिथे मी हात आखडता घेईन. बोरघाट टिकला कारण त्याला पर्याय उरला नाही आणि गर्दी वाढतच गेली. ज्या मार्गावर गाड्याच नाहीत तो टिकला तरी वहीत काही जमा करत नाही.

आणि टिकवायलाही खर्च लागतो. मुंबईकराला जीवनचक्राची मधली अवस्था शिकवावी लागत नाही. तिला तो रविवारचा मेगाब्लॉक म्हणतो. खडी चिखलाने, कचऱ्याने, घासून झालेल्या स्वतःच्याच भुकटीने माखली की तिच्यातून पाणी निथळत नाही, रूळ बसतो, मग यंत्र आणून ती उपसायची, चाळायची, नवी भरायची, ठोकून बसवायची. या यंत्रांना डिझेल लागतं, नव्या खडीला सह्याद्रीचा काळा पाषाण लागतो. जुना रूळ तरी थेट भट्टीत जातो का? तो आधी यार्डात किंवा कमी गाड्यांच्या फाट्यावर उतरतो, मग कुंपणाचा खांब होतो, शेडचा आधार होतो. मी ज्या शाळेत शिकलो तिथे व्हरांड्यात टांगलेला दीड फूट रूळ हीच शाळेची घंटा होती. साठेक वर्षांपूर्वी वितळवलेल्या त्या पोलादाचा कार्बन मधल्या सुट्टीच्या खात्यावर किती टाकायचा, हे ठरवायला बसलेला तज्ज्ञ मला फार आवडेल. पण विनोद बाजूला ठेवला तर भंगारातून विजेच्या भट्टीत बनलेलं पोलाद खनिजातून बनलेल्या पोलादापेक्षा कितीतरी कमी कार्बनचं असतं, आणि रुळासारखं एकजिनसी, मोजून ठेवलेलं भंगार दुसरं नाही. रुळाच्या शेवटाचा हिशेब मांडायचा तो यासाठी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रेल्वेचा हा काटेकोर हिशेब मागायचा आणि रस्ते मात्र मोकळे सोडायचे? मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सहा पदरी, काँक्रीटचा. त्याचं जीवनचक्र कोणी मांडून चौकात लावलं? मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण दशकाहून जास्त चाललं आहे. तिथे आधी घातलेले पदर उखडून पुन्हा घातले गेले, त्याचा कार्बन दोनदा मोजला का? मोजमापाचं ओझं एकाच गाढवावर टाकलं की दुसरं आपोआप चपळ दिसतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र रेल्वेलाही न मोजणं हा नव्हे. रेल्वेने आधी मोजून दाखवलं तर रस्त्याला मोजायला भाग पाडता येईल, आणि त्या तुलनेत रेल्वेला घाबरायचं कारण कमी. रस्त्याचा भाजकही त्याच्या भाज्याइतकाच उघडा करा. दुभाजकाच्या दोन्ही बाजूंनी एकेका माणसाला घेऊन धावणाऱ्या गाड्या त्यात मोजा.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार लोक घेतात: हे आकडे पाहिजे तसे वाकवता येतात. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही जीवनचक्र मूल्यांकनाची मानकं आहेत, पण हद्द कुठे आखायची, आयुष्य किती धरायचं, जंगलतोड धरायची की नाही हे शेवटी हिशेब मांडणारा ठरवतो. खरं आहे. म्हणून तर गृहीतकांसकट हिशेब छापायचा. स्वीडनने २०१० मध्ये सुरू केलेल्या १९० किलोमीटरच्या बोथनिया मार्गासाठी अशी पर्यावरणीय घोषणा जाहीर केली, बोगद्यांना, पुलांना, रुळांना वेगवेगळं धरून. मार्गासाठी तोडलेलं जंगलही त्यात मोजलं. त्यावर वाद घालता येतो, कारण आकडे समोर आहेत. आकडा वाकवला गेला तर वाकवलेली जागा दाखवता येते. नुसत्या घोषणाबाजीत मात्र वाकवायला काही नसतंच.

मोजणं महत्त्वाचं, तितकंच कोणी आणि कशासाठी मोजलं हेही महत्त्वाचं, आणि याचा धडा आपल्याच रेल्वेच्या पहिल्या दोन दशकांत आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, त्यानंतरच्या वर्षांत मैलामागे सतराशे-अठराशे लाकडी स्लीपर लागत. साग, साल, देवदार सोडून बाकीचं बहुतेक देशी लाकूड पावसात आणि वाळवीत काही वर्षांतच सडायचं. मग हिमालयातले देवदार, तराईतले साल पडू लागले. तेव्हाही भाज्य कोणी मोजला नाही. मोजणी सुरू झाली ती लाकूड पुरेना तेव्हा. १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस पहिला वनमहानिरीक्षक झाला, १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, जंगलं राखीव झाली. झाडं मोजली गेली, घेर मोजले गेले, पण मोजणारा रुळाच्या पुरवठ्यासाठी मोजत होता. त्या जंगलात गुरं चारणारा, मोहाची फुलं वेचणारा माणूस त्या वहीत गुन्हेगार म्हणून नोंदला गेला. काँक्रीटच्या स्लीपरने ही भूक संपवली याबद्दल मी काँक्रीटला मनापासून मार्क देतो. लाकडाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ती जंगलंही आठवावीत. पण ‘शास्त्रीय मोजणी झाली’ एवढ्याने न्याय झाला असं मानणाऱ्यांसाठी १८७८ पुरेसं आहे.

भाजक शून्य असला की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडला पहिली गाडी पोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या तीस वर्षांत जमीन गेली, भराव पडले, पूल बांधून झाले आणि तुकड्यातुकड्याने गवतात उभे राहिले. या दिरंगाईची चर्चा आपण निधी आणि राजकारण या शब्दांत करतो, आणि ती तशी करायलाच हवी. पण कार्बनच्या दृष्टीनेही अर्धवट मार्ग हा सगळ्यात वाईट मार्ग असतो. सिमेंटचा धूर आज सोडला, बचत तीस वर्षांनी सुरू झाली. ज्या प्रवाशासाठी तो सोडला तो दरम्यान एसटीने आणि वडापने जातच राहिला. एखादा मार्ग हाती घेतला तर निधी सलग द्या, ही मागणी मला कुठल्याही पर्यावरणीय अटीइतकीच पर्यावरणाची वाटते.

इथवर मी भाजकाचा भक्त दिसलो असेन. तर आता त्याचे दोन पराभव सांगतो. पहिला लातूरचा. मिरज–कुर्डुवाडी–लातूर हा एकेकाळचा बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग, पुढे ब्रॉडगेज झाला. देशातल्या गजबजलेल्या मार्गांत त्याची गणना कोणी केली नसती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळाला पाणी उरलं नाही तेव्हा याच रुळावरून मिरजेहून ३४२ किलोमीटर पाण्याची गाडी आली, आधी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. पावसाळ्यापर्यंत त्या फेऱ्या चालल्या. टन-किलोमीटरच्या रकान्यात ती वाहतूक नगण्य आहे. टँकरच्या रांगांनी तेवढं पाणी तेवढ्या लांबून आणता आलं असतं का, हे लातूरकराला विचारा. मूल्यांकनाची भाषा याला ‘कार्यात्मक एकक’ म्हणते: आपण नक्की कशाच्या मापाने भागतो आहोत? प्रवासी-किलोमीटरने भागलं तर आडमार्गावरचा प्रत्येक रूळ महाग ठरतो, आणि दुष्काळी जिल्हे बहुधा आडमार्गावरच असतात.

दुसरा पराभव उलट्या दिशेचा आणि जास्त टोचणारा. तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे या ब्रागांझा घाटातल्या मार्गावर दुसरा रूळ टाकायचा होता, भगवान महावीर अभयारण्याच्या आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाने. दूधसागरच्या पुढ्यातून जाणारा, सदतीसास एक चढाचा घाट. २०२० पासून गोव्यात तरुण मुलांनी, वकिलांनी, चित्रकारांनी, मच्छीमारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे न्यायला हा रूळ हवा आहे, असं आंदोलकांचं म्हणणं. क्षमता सगळ्यांसाठीच हवी, असं रेल्वेचं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. आता माझं सूत्र इथे लावा. कोळशाच्या जड गाड्या म्हणजे भरपूर टन. भरपूर टन म्हणजे मोठा भाजक. मोठा भाजक म्हणजे उत्तम गुण. जंगल फाडून कोळसा वाहणारा रूळ माझ्या तक्त्यात लातूरच्या रुळापेक्षा कितीतरी हरित ठरला असता! आणि तो कोळसा कशाला? पोलादासाठी, ज्याच्या कार्बनवरून या लेखाची सुरुवात झाली.

म्हणून भागाकार करायचाच नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सूत्र फसलं ते तिथे, जिथे मी ‘किती’ विचारलं आणि ‘काय’ विचारलं नाही. भाजकात जाणाऱ्या मालाचं नाव लिहा, ही दुरुस्ती त्यातून निघते. आणि अभयारण्य, तिवर, खाजन जमिनी (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), देवराई यांना कार्बनच्या रकान्यात बसवायची धडपड सोडून द्या. तिथे प्रश्न ‘किती ग्रॅम’ असा नसून ‘इथून जायचं का’ असा आहे, आणि तो हिशेबाच्या आधी सुटला पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकण रेल्वे गोव्यात शिरताना नेमका हाच घोळ झाला होता. विरोध करणारे बहुसंख्य रेल्वे नको म्हणत नव्हते. किनाऱ्यालगतच्या खाजनांतून आणि दाट वस्तीतून न नेता ती आतल्या बाजूने न्या, असं म्हणत होते. उत्तर मिळत होतं ते रेल्वे किती गरजेची आहे याचं. ‘कुठून’ या प्रश्नाला ‘कशाला’चं उत्तर. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, २६ जानेवारी १९९८ ला मार्ग देशाला अर्पण झाला, आणि आज मीही त्याच गाडीने मजेत जातो. पण तो प्रश्न तेव्हा चुकीचा नव्हता.

आता कोकण रेल्वेच्याच दुहेरीकरणाची मागणी आहे. ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंच पूल. रोहा ते वीर एवढा सोपा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे सह्याद्रीच्या पायऱ्या सुरू होतात. गणपतीत उभ्याने गेलेल्या कोणालाही ही मागणी पटते, मलाही पटते. पण जो अहवाल तयार होईल त्यात मला चार ओळी हव्या आहेत. बोगदे आणि पूल वेगळे धरून किलोमीटरला किती पोलाद, किती सिमेंट. सगळा मार्ग दुहेरी न करता जास्त क्रॉसिंग स्थानकं आणि काही तुकडे दुहेरी केले तर किती गाड्या वाढतात, कारण कधीकधी दहा टक्के काँक्रीटमध्ये निम्मं काम होतं. महामार्गावरून किती ट्रक खरोखर उतरतील. १९९९ पासून याच मार्गावर कोलाडहून भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून गोव्याकडे नेले जातात, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून बसलेला असतो, आणि ट्रकचं इंजिन बंद असतं. आणि चौथी ओळ, वाढीव क्षमतेतून जाणार काय आहे, त्याचं नाव: माणसं, आंबा, कांदा, सिमेंट की कोळसा.